शाळेतला ‘सोबती’ कोण निवडणार?

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन लहानग्या मुलींवर अत्याचार झाला. तक्रार नोंदवायला गेलेल्या पालकांना पोलिसांनी ताटकळत ठेवले. 20 ऑगस्टला लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले आणि मग कुठे मंत्रालयाला जाग आली. दुसऱ्याच दिवशी शासन निर्णय निघाला: शाळांत सीसीटीव्ही बसवा, तक्रारपेटी लावा, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी करा, सखी सावित्री समिती नेमा, काही घडले तर 24 तासांत कळवा. यातले एकही कलम अनावश्यक नाही. ज्या शाळांनी ते कागदावरच ठेवले त्यांना जाब विचारलाच पाहिजे.

पण हायस्कूलमध्ये, म्हणजे आठवी ते दहावीच्या आणि पुढे ज्युनिअर कॉलेजच्या वर्गांत जी हिंसा रोज घडते, ती या उपायांच्या हाती लागत नाही. कॅमेरा गेटवर असतो, व्हरांड्यात असतो, मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर असतो. मुलीच्या अंगाला हात लागतो तो एसटीच्या गर्दीत आणि क्लासच्या अरुंद जिन्यात. तिच्या फोटोखाली घाणेरडा मजकूर लिहून तो फिरवला जातो तो अशा व्हॉट्सॲप ग्रुपवर, जिथे एकही मोठे माणूस नसते. मुलगेही यातून सुटलेले नाहीत. वसतिगृहाच्या खोलीत दहावीची पोरे आठवीतल्या पोराची चड्डी ओढतात, त्याला ‘बायल्या’ म्हणून रडवतात, आणि रेक्टर त्याला ‘पोरांची मस्ती’ म्हणून सोडून देतात.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी त्यात बोलणे झाले होते. महाराष्ट्र आणि गोवा ही दोन्ही राज्ये त्यात होती. 53.22 टक्के मुलांनी लैंगिक अत्याचाराचा कोणता ना कोणता प्रकार सोसल्याचे सांगितले. सोसणाऱ्यांत मुलग्यांचे प्रमाण निम्म्याहून थोडे जास्तच निघाले. आणि बहुतेकांनी ही गोष्ट कुणालाही सांगितलेली नव्हती. त्याच 2007 साली महाराष्ट्राने काय केले? ‘संस्कृती बिघडते’ अशी ओरड झाली आणि किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम राज्यातल्या शाळांत बंद पाडण्यात आला. निम्मी मुले सांगत होती की आमच्यावर अत्याचार होतो. व्यवस्थेने उत्तर दिले की त्या विषयाचे नावच काढू नका.

आम्ही वस्त्यांत, वसतिगृहांत आणि हायस्कूलांत मुलामुलींसोबत काम करणारे कार्यकर्ते आहोत. आमच्या कामात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. शिक्षकांना कळायच्या कितीतरी आधी कुणीतरी पाहिलेले असते. बाजूच्या बाकावरच्या मैत्रिणीने, एसटीत मागे उभ्या असलेल्या वर्गमित्राने, त्या ग्रुपवर असलेल्या तीस पोरांनी. हे सगळे बघे असतात. त्यातले काही हसतात, काही मान खाली घालतात, काहींना राग येतो पण करायचे काय हे कळत नाही. या बघ्यांना उभे करणे हाच सोबत्यांनी चालवलेल्या कार्यक्रमांचा गाभा आहे. विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांशी बोलायचे, विद्यार्थ्यांनीच आपल्या गटातली रीत बदलायची. इंग्रजी अहवालांत ज्याला ‘पिअर एज्युकेटर’ म्हणतात, त्याला आम्ही साध्या भाषेत सोबती म्हणतो.

ही कल्पना हवेतली नाही. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात 2010 ते 2014 या काळात 26 हायस्कूलांत ‘ग्रीन डॉट’ या कार्यक्रमाची चाचणी झाली. निम्म्या शाळांत कार्यक्रम राबवला, निम्म्या शाळा तुलनेसाठी ठेवल्या. आधी सगळ्या विद्यार्थ्यांशी बोलणे झाले. नंतर ज्यांचे बाकीची मुले ऐकतात अशा निवडक विद्यार्थ्यांना सखोल प्रशिक्षण दिले. शिकवले ते साधेच होते: समोर चुकीचे घडताना दिसले तर थेट हटकायचे, ते जमत नसेल तर काहीतरी निमित्त काढून प्रसंग मोडायचा, तेही जमत नसेल तर मदतीला दुसऱ्याला बोलवायचे. 2017 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कार्यक्रमाच्या तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी त्या शाळांत लैंगिक हिंसा करण्याचे प्रमाण तुलनेने कमी आढळले. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, फळ दिसायला तिसरे वर्ष उजाडले. दुसरी, त्या मुलांच्या पाठीशी बलात्कारपीडितांसाठी काम करणाऱ्या केंद्रांतली प्रशिक्षित माणसे उभी होती. मुलांना एकटे सोडून कुणी घरी गेले नव्हते.

आपल्याकडेही काम झाले आहे. मुंबईत ‘यारी दोस्ती’ नावाचा कार्यक्रम वस्त्यांतल्या तरुण पोरांसोबत चालला. मूळ कल्पना ब्राझीलची, पण ती मुंबईच्या भाषेत आणली ‘कोरो’ने. ही संस्था 1989 मध्ये साक्षरतेच्या कामासाठी सुरू झाली आणि चेंबूरच्या वस्त्यांत वाढली. वस्तीतलीच पोरे पुढे होऊन वस्तीतल्या पोरांशी मर्दानगी, मारहाण, संमती या विषयांवर बोलत. पुढे 2008 पासून मुंबई महापालिकेच्या 45 शाळांच्या अभ्यासात सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी ‘जेम्स’ हा उपक्रम झाला. कोरो, टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि आयसीआरडब्ल्यू त्यात होत्या. तिथे वर्ग चालवणारी मोठी माणसे होती, पण एक धडा सोबत्यांच्या कामालाही लागू पडतो: नुसती पोस्टर-मोहीम झाली तिथल्यापेक्षा जिथे मोहिमेच्या जोडीला वर्गात गटचर्चाही झाल्या, तिथे मुलांचे विचार जास्त बदलले.

शासनाच्या कागदावरही सोबत्याला जागा आहे. 2014 च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात गावपातळीवर मुलामुलींमधून पिअर एज्युकेटर निवडायचे आहेत, आणि हिंसा हा त्या कार्यक्रमाच्या ठरलेल्या विषयांत येतो. फेब्रुवारी 2020 मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक आरोग्यदूत म्हणून नेमायचे आहेत. मार्च 2022 च्या सखी सावित्री समितीत विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी धरले आहेत.

म्हणजे कल्पना आहे, पुरावा आहे, शासन निर्णयही आहेत. मग आमचे भांडण कशाबद्दल आहे? आमचे भांडण एकाच प्रश्नाबद्दल आहे. हा सोबती निवडतो कोण?

एका तालुक्याच्या शाळेत आम्ही आठवी-नववीतल्या सोबत्यांची नावे मागितली. दुसऱ्या दिवशी सरांनी यादी हातात ठेवली. ‘अ’ तुकडीतला पहिला आणि दुसरा नंबर, संस्थाचालकांचा पुतण्या, सरपंचांची पुतणी, स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करणारी दोघे. “चांगल्या घरातली मुलं आहेत, शाळेचं नाव काढतील,” सर म्हणाले. बौद्धवाड्यातून, मातंग वस्तीतून, पारध्यांच्या पालावरून येणाऱ्या एकाही मुलाचे नाव त्यात नव्हते. त्याच शाळेतल्या ‘ड’ तुकडीच्या एका मुलीने आम्हाला विचारले, “ताई, तिला सांगायचं म्हणजे तिच्या काकालाच सांगायचं ना?” सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे. त्या मुलीला त्रास देणारा पोरगा सरपंचांच्या भावकीतला होता.

केंटकीत ‘ज्यांचे बाकीची मुले ऐकतात’ अशांना निवडले. तेच शब्द उचलून आपल्या शाळेत आणले तर काय होईल? आपल्या शाळेत कुणाचे ऐकले जाते हे केवळ स्वभावावर ठरत नाही. आडनावावर ठरते, बापाच्या शेतीवर ठरते, पोरगा बुलेटवर येतो की पायी येतो यावर ठरते. ज्या पोरीला वर्गात ‘स्कॉलरशिपवाली’ म्हणून हाक मारतात ती हुशार असली, धीट असली, मैत्रिणींच्या सुखदुःखात पहिली धावणारी असली, तरी शिक्षकांच्या यादीत ती ‘लीडर’ नसते. ज्यांच्या हातात आधीच सत्ता आहे त्यांच्या हातात बिल्ला देऊन आपण हिंसा कशी थांबवणार? तो तर गावाचा पाटीलच वर्गात मॉनिटर म्हणून बसवणे झाले.

काठावर बसणाऱ्याला मधले सगळे स्पष्ट दिसते, हे आपल्या शाळांच्या इतिहासानेच दाखवून दिले आहे. 1855 मध्ये जोतीराव-सावित्रीमाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदया’त छापून आला. आपल्या समाजातल्या बाया डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होतात हे त्या मुलीने लिहिले. मोठमोठे पंडित तेव्हा पुण्यात होते. त्यांना ते दिसले नव्हते, शाळकरी मुलीला दिसले होते. आज ‘ड’ तुकडीच्या शेवटच्या बाकावरची मुलगीही बरेच काही पाहते. प्रश्न एवढाच आहे की आपण तिला विचारतो का.

आता कुणी म्हणेल, लैंगिक हिंसेत जात कशाला आणता? मुलगी ती मुलगी. हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण वर्गातल्या पोरांना असे वाटत नाही. कोणत्या मुलीकडे पाहायचे नाही आणि कोणत्या मुलीला काहीही बोलले तरी चालते, याचा हिशेब त्यांना घरातूनच मिळालेला असतो. जिचे पाच चुलतभाऊ त्याच शाळेत आहेत आणि ज्यांच्या जीपवर जातीचे नाव रंगवलेले आहे, तिच्या वाटेला कुणी जात नाही. जिची आई लोकांच्या रानात खुरपायला जाते, तिच्याबद्दल ‘त्यांच्यात चालतं’ असे बिनदिक्कत बोलले जाते. देवदासी, मुरळी या प्रथांनी शतकानुशतके कोणत्या जातींच्या मुली सार्वजनिक मालकीच्या ठरवल्या हे आपल्याला माहीत आहे. प्रथा कायद्याने बंद झाल्या, पण ती नजर शाळेच्या गेटबाहेर अजून उभी आहे. बाबासाहेबांनी 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या आपल्या निबंधात जातीचे मूळ आंतर्विवाहात आहे आणि तो टिकवण्यासाठी स्त्रीच्या देहावर बंधने घातली गेली, हे सांगितले. एका बाजूच्या स्त्रीला कुलूप आणि दुसऱ्या बाजूच्या स्त्रीवर हक्क, या एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू आहेत. म्हणून ‘लिंगभाव’ शिकवणारा आणि ‘जात’ हा शब्द टाळणारा प्रत्येक अभ्यासक्रम अर्धा आहे. त्याने फार तर ‘आपल्यातल्या’ मुलींना सुरक्षित वाटेल.

याचे सगळ्यात लाडके उदाहरण म्हणजे राखी. वर्गात छेडछाडीची तक्रार आली की बरेच शिक्षक मुलीला त्या पोराला राखी बांधायला लावतात. सगळे भारतीय बांधव आहेत या शाळेच्या प्रतिज्ञेची आठवण करून देतात. मुलगा गालातल्या गालात हसतो, शिक्षकांना वाटते प्रश्न मिटला. मिटले काय? मुलीला सांगितले गेले की ज्याने तुला त्रास दिला त्याचे रक्षण तूच माग. मुलाला सांगितले गेले की बहीण असेल तरच हात आवर. म्हणजे जी बहीण नाही तिचे काय? जिच्या हातची राखी याच्या घरी चालणार नाही, जिच्या हातचे पाणीही चालत नाही, तिचे काय? मुलीचा सन्मान ती कुणाची बहीण, कुणाची मुलगी, कुणाच्या जातीची आहे यावर टांगता येत नाही. ती माणूस आहे आणि तिने नको म्हटले आहे, एवढे पुरेसे आहे. हे वाक्य शिक्षकांनी फळ्यावर लिहून पोरांच्या डोक्यात जात नाही. त्यांच्याच गटातला, त्यांच्यासोबत क्रिकेट खेळणारा पोरगा मधल्या सुट्टीत म्हणतो, “गप रे, ती नको म्हणतेय ना,” तेव्हा ते जाते. सोबत्याची ताकद इथे आहे.

आता आमच्या चळवळीतल्या बांधवांच्या शंकेकडे येऊ. ती शंका खोटी नाही. ते विचारतात: असा कार्यक्रम आला की नावे कुणाची लिहिली जातील? आपल्याच पोरांची ना? ‘रोडरोमिओ’ म्हटले की वस्तीतली पोरे उचलायची, केस कापायचे, बापाला चौकीत बसवायचे, हे आपण पाहिलेले नाही का?

पाहिले आहे. त्याहून वाईट पाहिले आहे. एप्रिल 2014 मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा गावात नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. वरच्या मानलेल्या जातीच्या मुलीशी तो बोलतो, एवढेच त्याचे ‘पाप’ होते. त्याला शाळेतूनच मारत नेल्याचा आरोप होता. पुढे खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले. त्या शाळेत, त्या रस्त्यावर बघे नव्हते काय? होते. त्यांनी न्यायालयात पाहिलेले सांगितले नाही. मुलामुलींच्या मैत्रीवर पहारा ठेवणारे गाव आणि हिंसा दिसत असताना तोंड बंद ठेवणारे गाव, हे एकच गाव आहे. म्हणून आम्ही सांगतो की सोबत्याचे काम पहाऱ्याचे असता कामा नये. कोण कुणाशी बोलते, कोण कुणासोबत एसटीत बसते, याची वही ठेवणारा विद्यार्थी सोबती नाही, तो खबऱ्या आहे. मैत्री वेगळी आणि जबरदस्ती वेगळी. हा फरक पहिल्याच तासाला शिकवला गेला नाही, तर हा कार्यक्रम उद्या आपल्या पोरांच्या जिवावर उठेल.

यात कायद्याचा गुंताही आहे. पोक्सो कायदा 2012 चा. तो अठराच्या आतल्या प्रत्येकाला मूल मानतो आणि त्या वयातली संमती मान्य करत नाही. अत्याचारपीडित मुलांसाठी हा कायदा मोठा आधार आहे, तो आम्हाला हवाच आहे. पण सतरा वर्षांची दोघे आपल्या मर्जीने प्रेमात पडली आणि जाती वेगळ्या निघाल्या की मुलीचे नातेवाईक हाच कायदा मुलाच्या गळ्याभोवती टाकतात. विधी आयोगाने सप्टेंबर 2023 च्या 283 व्या अहवालात संमतीचे वय अठराच ठेवावे असे म्हटले, पण सोळा ते अठरा वयोगटातल्या अशा प्रकरणांत न्यायालयाला तारतम्य वापरता यावे अशी शिफारसही केली. हा वाद देशपातळीवर चालू आहे. तोवर आपल्या मुलामुलींना हा कायदा नेमका काय म्हणतो हे माहीत असणे ही त्यांची ढाल आहे. अज्ञान कुणाचेही रक्षण करत नाही.

पण बांधवांनो, या शंकेच्या आड लपूही नका. आपली पोरे फक्त बळी असतात आणि त्रास कधीच देत नाहीत, असे म्हणणे म्हणजे आपल्याच पोरींना खोटे ठरवणे आहे. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेपुढे नाचताना आपल्याच वस्तीतल्या मुलींना धक्के देणारी पोरे आपलीच आहेत. समाजमंदिराच्या कट्ट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींवर शेरे मारणारी पोरे आपलीच आहेत. ‘आधी जातीचा लढा, बाईचा प्रश्न नंतर’ असे म्हणणाऱ्यांनी जुलै 1942 आठवावा. नागपूरच्या दलित महिला परिषदेत हजारो स्त्रियांसमोर बाबासाहेबांनी समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो असे सांगितले. बायकोने नवऱ्याची दासी न होता मैत्रीण व्हावे, बरोबरीची व्हावे, असेही सांगितले. मैत्री आणि बरोबरी हे शब्द त्यांनी सहज वापरले नव्हते. आपल्या पोरांना हे शिकवायला शाळेची वाट पाहायची गरज नाही, विहारात दर रविवारी ते करता येते. तिसरे शील आपण दर पौर्णिमेला म्हणतो. त्याचा अर्थ चौदा वर्षांच्या पोराला त्याच्या मोबाइलच्या, त्याच्या मित्रांच्या भाषेत कधी समजावून सांगितला?

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, कारण नेमके इथे शासन आणि संस्थाचालक पळवाट शोधतात. ‘मुलेच मुलांना सांभाळतील’ असे म्हणून मोठ्यांना हात झटकता येणार नाहीत. पोक्सोच्या कलम 19 प्रमाणे अत्याचाराची माहिती मिळालेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायची आहे. कलम 21 प्रमाणे न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. न कळवल्याबद्दलची शिक्षा मुलांना मात्र लागू नाही, हे त्याच कलमात स्पष्ट आहे. कायद्याने ओझे कुणाच्या खांद्यावर ठेवले आहे ते पाहा. मुख्याध्यापकांच्या. मैत्रिणीने रडत रडत सांगितलेली गोष्ट पोटात घेऊन रात्रभर जागणाऱ्या पंधरा वर्षांच्या पोरीच्या नव्हे. सोबत्याने ऐकायचे, ‘तुझी चूक नाही’ म्हणायचे, आणि विश्वासातल्या मोठ्या माणसापर्यंत हात धरून न्यायचे. तिथे त्याचे काम संपते. चौकशी करणे, समेट घडवणे, आरोपीला समोरासमोर आणणे हे त्याचे काम नाही, आणि शाळेचेही नाही.

पुढची वाटही सोबत्यांना ठाऊक हवी. 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा आहे. पोलिसांनी 24 तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचे आहे. पीडित मुलगी अनुसूचित जाती-जमातीची आणि आरोपी त्याबाहेरचा असेल तर पोक्सोच्या जोडीला ॲट्रॉसिटी कायदाही लागतो, हे ठाण्यात हमखास ‘विसरले’ जाते. 2015 च्या दुरुस्तीने संमतीशिवाय लैंगिक हेतूने स्पर्श करणे, तसे शब्द आणि हावभाव वापरणे हे त्या कायद्यात स्पष्टपणे आणले. आरोपी पीडितेला किंवा तिच्या कुटुंबाला ओळखत असेल तर त्याला तिची जात माहीत होती असे न्यायालयाने गृहीत धरायचे, हेही त्याच दुरुस्तीने आणले. एकाच वर्गात तीन वर्षे बसलेल्यांना एकमेकांची जात माहीत नसते असे कोण म्हणेल? आरोपीच अठराच्या आतला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळासमोर जाते. तिथे सुधारण्याची वाट आहे आणि ती असलीच पाहिजे, मग पोरगा कोणत्याही जातीचा असो. पण सुधारणा म्हणजे प्रकरण दाबणे नव्हे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत.

पहिली, सोबती विद्यार्थ्यांनीच निवडावेत. प्रत्येक तुकडीत गुप्त चिठ्ठीने एकच प्रश्न विचारावा: तुझ्यावर काही प्रसंग आला तर वर्गातल्या कुणाला सांगशील? ज्यांची नावे येतील ते सोबती. निम्म्या मुली असाव्यात आणि प्रत्येक तुकडी, प्रत्येक वस्ती, पाड्यावरून आणि पालावरून येणारी मुलेही त्यात असावीत. चिठ्ठीतून एखादी वस्ती सुटली तर त्या वस्तीतल्या मुलांना वेगळे विचारावे. शिक्षकांच्या यादीवर निवड नको.

दुसरी, एक दिवसाच्या ‘जनजागृती शिबिराने’ काहीही होत नाही. फोटो निघतात, केळी वाटली जातात, बॅनर गुंडाळला जातो. वेळापत्रकात आठवड्याचा एक तास आणि किमान तीन वर्षांची हमी हवी.

तिसरी, अभ्यासक्रमात संमती, शरीर, मोबाइल आणि कायदा यांच्यासोबत जात हा धडा हवा. जातीवरून केलेली शेरेबाजी हीसुद्धा लैंगिक हिंसेची पहिली पायरी असते, हे नाव घेऊन शिकवले पाहिजे.

चौथी, सोबत्यांच्या पाठीशी पगारी, प्रशिक्षित समुपदेशक हवी. सुरुवात आश्रमशाळांपासून आणि सामाजिक न्याय विभागाच्या वसतिगृहांपासून करा. तिथली मुले घरापासून लांब असतात, रात्री त्यांना सांगायला कुणीही नसते. शहरातल्या महागड्या शाळा आपला समुपदेशक नेमतातच.

पाचवी, सखी सावित्री समितीतल्या विद्यार्थी प्रतिनिधींना बैठकीत बोलायचा हक्क हवा, आणि त्यांनी काय मांडले, त्यावर काय झाले, हे पालकसभेत वाचून दाखवावे. नावे कुणाचीही घेऊ नयेत, पण कामाचा हिशेब उघडा असावा.

बौद्ध परंपरेत एक सुंदर शब्द आहे, कल्याणमित्र. जो चांगल्या वाटेवर सोबत चालतो, चुकलो तर तोंडावर सांगतो आणि संकटात सोडून जात नाही, तो कल्याणमित्र. हे नाते वरून नेमता येत नाही, त्याला बिल्ला लागत नाही. आपल्या शाळांत असे मित्र आजही आहेत. शेवटच्या बाकावर आहेत, वसतिगृहाच्या खोल्यांत आहेत, एसटीच्या दांड्याला लोंबकळत आहेत. मैत्रिणीला एकटे वाटू नये म्हणून दोन थांबे आधीच उतरून तिच्यासोबत चालणाऱ्या पोरी आम्ही रोज पाहतो. त्यांना कुणी प्रशिक्षण दिलेले नाही, त्यांची नावे कुठल्याही यादीत नाहीत.

येत्या जूनमध्ये शाळा उघडतील आणि सरांकडून यादी मागवली जाईल. पालकसभेला जाणाऱ्या प्रत्येक आईबापाने, शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या आपल्या प्रत्येक माणसाने त्या दिवशी उठून एकच प्रश्न विचारावा: ही नावे कुणी ठरवली? उत्तर ‘आम्ही ठरवली’ असे आले, तर यादी परत करा आणि मुलांच्या हातात कोऱ्या चिठ्ठ्या द्या.

जयभीम!